एकेका माणसावरचे माहितीपट : तुम्ही पाहिलेले, मनात राहिलेले सांगा

परळ टर्मिनस

या धाग्यावर जीवनपट नकोत, एवढं आधीच सांगतो. नटांनी भूमिका केलेल्या सिनेमांवर इथे भरपूर लिहिलं गेलंय. मला बोलायचंय ते खऱ्या माणसावर कॅमेरा ठेवून केलेल्या माहितीपटांबद्दल. व्यक्तिचित्रांवर आपला मराठी वाचकांचा फार जीव. दिवाळी अंक हातात आला की अनेकजण आधी तीच पानं उघडतात. पडद्यावरच्या व्यक्तिचित्रांबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही.

त्याचं एक कारण मला वाटतं ते असं. आपल्याकडे माणसावर फिल्म करायची म्हणजे बहुतेक वेळा गौरवपट होतो. अमृतमहोत्सव असतो, समिती पैसे जमवते, मान्यवर पुस्तकांच्या कपाटासमोर बसून एकामागून एक बोलतात, मधे सत्काराचे फोटो येतात. तासाभराने तो माणूस मोठा होता हे कळतं, पण कसा होता ते कळत नाही. म्हणून माझी कसोटी एवढीच: तो माणूस आपलं काम करताना दिसतो का?

या कसोटीवर माझ्या लेखी पहिला नंबर सत्यजित राय यांच्या ‘द इनर आय’चा. १९७२ची, फिल्म्स डिव्हिजनची (माहितीपट काढणारी सरकारी संस्था), जेमतेम वीस मिनिटांची फिल्म. विषय चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी. हे शांतिनिकेतनात राय यांचे गुरू. जन्मापासून एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने अंधूक. तशा नजरेने त्यांनी हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचं ते प्रचंड भित्तिचित्र केलं. १९५७मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. त्यानंतरही ते थांबले नाहीत. रेखाटनं केली, कागद कापून चित्रं केली, भिंतीसाठी सिरॅमिकच्या फरशांचं मोठं काम केलं. राय यांनी कुठेही गळा काढलेला नाही. त्यांचं निवेदन शांत आहे. आपण बघतो ते हात: चाचपणारे, अंतर मोजणारे, ठरवणारे. करुणेला जागाच ठेवलेली नाही, कारण समोरचा माणूस कामात आहे.

दुसरी ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२), शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांची. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायर यांच्यावर. अमुक दृश्य कितव्या रिळात आहे हे तोंडपाठ असलेला माणूस. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची रिळं आणि ‘कालिया मर्दन’ आज आपण बघू शकतो, त्यामागे नायर यांची धडपड आहे. पहिला बोलपट ‘आलम आरा’ मिळाला नाही, ही सल त्यांना कायम राहिली. फिल्म अडीच तासांहून मोठी आहे. घाईत बघू नका.

तिसरी आमच्या गिरणगावातली. अरुण खोपकरांची ‘नारायण गंगाराम सुर्वे’ (२००२). गिरणी कामगाराने उचलून घरी आणलेलं अनाथ पोर ते ‘माझे विद्यापीठ’चा कवी, हा प्रवास. सुर्वे हयात असताना झालेली फिल्म आहे आणि तरुण सुर्व्यांच्या जागी किशोर कदम आहेत. नट नको असं मीच वर म्हटलंय, पण इथे नट कवीची नक्कल करत नाही. कविता रस्त्यावर उतरते तेव्हा तिला चालणारं कुणीतरी लागतं, तेवढ्यासाठी तो आहे. एका कवीने दुसऱ्या कवीची कविता अंगावर घ्यावी, हे मला पटलं.

आता तुम्ही सांगा. देश, भाषा कुठलीही चालेल. नुसती नावं टाकू नका, काय दिसलं ते लिहा.

अनुस्वार

छान विषय. रुमाल टाकून ठेवते, रात्री लिहिते.

शुद्ध सारंग

परळ, तुमची कसोटी गाणाऱ्यांना सगळ्यात जास्त लागू पडते असं मला वाटतं. गवयाबद्दल लोक किती बोलतात याला अर्थ नाही. तो रियाज करताना, शिकवताना, चिडताना दिसला पाहिजे.

एस. एन. एस. शास्त्री यांची ‘उस्ताद अमीर खाँ’ (१९७०) सगळ्यात आधी बघा. कृष्णधवल, छोटी. खाँसाहेब १९७४मध्ये कोलकात्यात मोटार अपघातात गेले. त्यांचं गाणं ध्वनिमुद्रणांत पुष्कळ आहे, पण गाताना ते दिसतात अशी सामग्री फार थोडी. त्यातली ही. ती संथ बढत, म्हणजे राग हळूहळू उलगडत नेणं, ज्या चेहऱ्यातून येते तो किती स्थिर आहे हे बघितल्यावर माझं ऐकणं बदललं. आता रेकॉर्ड लावली तरी तो चेहरा समोर येतो.

गुलजार यांनी पंडित भीमसेन जोशींवर फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेली फिल्म बऱ्याच जणांनी पाहिली असेल. गाण्यासाठी घरातून पळालेला मुलगा गुरू शोधत उत्तर हिंदुस्थान पालथा घालतो आणि शेवटी घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे येतो, ती गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकण्यात जी मजा आहे ती कुठल्याच लेखात नाही.

किशोरीताई आमोणकरांवरची ‘भिन्न षड्ज’ (२०११) अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांची. ताई मुलाखती टाळायच्या, कार्यक्रमात कुणी बोललं तरी गाणं थांबवायच्या, हे आपण ऐकून असतो. इथे त्या स्वतः बोलतात. त्यांचा राग कुठून येतो हे समजतं. माई, म्हणजे त्यांच्या आई, गायिका मोगूबाई कुर्डीकर, यांना मैफिलींच्या ठिकाणी मिळालेली वागणूक पोरवयात बघितलेली ही मुलगी आहे. कलावंताला मान मिळालाच पाहिजे हा हट्ट तिथला आहे. मुंबईत वाढलेल्या, मुंबईत गायलेल्या या बाईंवर एवढी एकच मोठी फिल्म असावी, याचं मला वाईट वाटतं.

आणि मणी कौल यांची ‘सिद्धेश्वरी’ (१९८९). ही सोपी नाही. बनारसच्या ठुमरीगायिका सिद्धेश्वरी देवी १९७७मध्येच गेल्या होत्या. त्यामुळे मीता वशिष्ठ त्यांच्या आयुष्यातून, बनारसच्या गल्ल्यांतून, नदीवरून वावरतात. जन्म, लग्न, पहिला पुरस्कार असा क्रम शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. ठुमरीत एकच ओळ वेगवेगळ्या अंगांनी पुन्हा पुन्हा येते, तसं इथे आयुष्य येतं. शेवटाकडे खऱ्या सिद्धेश्वरी देवी टीव्हीच्या पडद्यावर गाताना दिसतात, तेव्हा इतका वेळ आपण कुणाची वाट बघत होतो ते कळतं. दोनदा बघा. पहिल्यांदा कंटाळा आला तरी दुसऱ्यांदा बघा.

चार वाजताचा शो

कसोटी चांगली आहे, पण अपुरी आहे. माणूस गेल्यावर काय करायचं? सुर्वे, किशोरीताई फिल्म होताना हयात होत्या. सगळ्यांच्या नशिबी ते नसतं.

आसिफ कपाडिया हा दिग्दर्शक बघा. त्याची ‘सेना’ (२०१०) ब्राझीलचा फॉर्म्युला वन चालक आयर्टन सेनावर आहे. सेना १९९४मध्ये इमोला इथे शर्यतीत गेला. कपाडियाने जवळजवळ पूर्ण फिल्म जुन्या चित्रणातून उभी केली. बोलणाऱ्यांचे फक्त आवाज येतात, खुर्चीत बसलेलं कुणी दिसत नाही. त्यामुळे आपण कायम त्या काळात राहतो. शेवट माहीत असूनही वाटत राहतं की या वेळी तो गाडीत बसणार नाही. मी मोटार शर्यती बघत नाही, नियमही माहीत नाहीत, तरी शेवटची वीस मिनिटं खुर्चीच्या कडेला होतो.

त्याचीच ‘एमी’ (२०१५), गायिका एमी वाइनहाउसवर. हिला ऑस्कर मिळालं. पण ही बघताना मला दुसरंच काही टोचलं. सुरुवातीचं चित्रण मैत्रिणींनी हौसेने घेतलेलं, मजेत असलेली मुलगी. मग हळूहळू कॅमेरे परक्यांचे होतात, फ्लॅश वाढतात, आणि ज्या फोटोग्राफरांनी तिला घेरलं त्यांचंच चित्रण आपण बघतोय हे लक्षात येतं. म्हणजे त्या गर्दीत आपणही. फिल्म हे लपवत नाही, म्हणून ती मला मोठी वाटते.

समोर बसून बोलणाऱ्या माणसांवर तुमचा राग आहे. त्यावर उत्तर एरल मॉरिसची ‘द फॉग ऑफ वॉर’ (२००३). व्हिएतनाम युद्धाच्या काळातले अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा, वय पंचाऐंशी, आणि जवळजवळ सगळा वेळ ते एकटेच बोलतात. मॉरिसने आरशांची एक जुळणी करून घेतली होती. उत्तर देणाऱ्याला भिंगाच्या जागी प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा दिसतो, त्यामुळे तो थेट आपल्या डोळ्यांत बघून बोलतो. हुशार, पाठांतर पक्कं असलेला, कबुली देता देता हात आखडता घेणारा माणूस. काम करताना दिसत नाही, पण स्वतःच्या कामाचा हिशेब देताना दिसतो. हेही व्यक्तिचित्रच ना?

परळ टर्मिनस

शो, मान्य. ‘फॉग ऑफ वॉर’मध्ये बोलणं हेच त्या माणसाचं काम आहे. आयुष्यभर त्याने आकडे मांडून समोरच्याला पटवलं, इथेही तेच करतो. माझा राग मुलाखतींवर नाही, फक्त स्तुती करायला बोलावलेल्या माणसांवर आहे. गेलेल्या माणसाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. कुमारजींवर, म्हणजे गायक कुमार गंधर्वांवर, जब्बार पटेलांची ‘हंस अकेला’ आहे, तीही कुमारजी गेल्यानंतरची. तरी त्यांचा आवाज आणि देवासचं घर यांनी ती भरलेली आहे.

शुद्ध सारंग

कुमारजींचं नाव निघालंच आहे तर शबनम विरमाणींची ‘कोई सुनता है’ही घ्या. कुमारजी आणि कबीर यांच्यामागे जाणारी. क्षयाने आजारी पडून देवासला आलेल्या, गाणं बंद झालेल्या माणसाच्या कानावर तिथली माळव्याची लोकगीतं पडली आणि पुढे निर्गुणी भजनं आली. ती भजनं आजही गावागावांत गाणारी माणसं या फिल्ममध्ये आहेत. एका माणसाचं चित्र काढताना तो ज्यांच्याकडून शिकला त्यांना मधोमध बसवलंय. असं फार कमी फिल्म करतात.

खाडीपलीकडे

आतापर्यंत सगळे नामवंत. माझी यादी उलट्या बाजूची आहे.

‘अगेन्स्ट द टाइड’ (२०२३), सर्वनिक कौर यांची. मुंबईतले दोन कोळी मित्र, राकेश आणि गणेश. सनडान्स महोत्सवात तिला ज्युरीचा खास पुरस्कार मिळाला, आणि ती बऱ्याच अंशी मराठीत आहे. राकेश वडिलांच्या जुन्या होडीतून किनाऱ्याजवळ मासे मारतो, भरती-ओहोटी बघून. गणेश परदेशात शिकून आलेला, कर्ज काढून मोठी बोट घेतलेला, खोल समुद्रात जाणारा. मासा कमी झालाय. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी आहे, पण दिवे लावणाऱ्या बोटी भरून येतात. मग आपणही लावायचे का? दोघं मित्र यावर भांडतात, पितात, परत भांडतात. कुणी बरोबर, कुणी चूक असं फिल्म सांगत नाही. आमच्या घराण्यात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत होडी होती. बंदरावर हे भांडण मी प्रत्यक्ष ऐकलेलं आहे. पडद्यावर ते जसंच्या तसं ऐकताना अंगावर काटा आला. ती भाषा कुणी साफ केलेली नाही, ते हेल तसेच ठेवलेत.

निष्ठा जैन यांची ‘लक्ष्मी अँड मी’ (२००७). दिग्दर्शिका स्वतःच्या घरी काम करणाऱ्या मुलीवर मुंबईत फिल्म करते. कॅमेरा हातात असलेली बाई मालकीण, कॅमेऱ्यासमोरची तिच्या घरची लादी पुसणारी. हे अंतर फिल्ममधून जात नाही आणि दिग्दर्शिका ते गेल्याचा आव आणत नाही. स्वतःलाही ती चौकटीत आणते. मुंबईत ज्यांच्या घरी कामाला बाई येते त्या प्रत्येकाने ही बघावी, असं मला मनापासून वाटतं.

‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६), शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांची. जत्रेतल्या तंबूतल्या टूरिंग टॉकीज, आपल्या महाराष्ट्रातल्या. रिळं जाऊन डिजिटल येतानाचा काळ. त्यात प्रोजेक्टर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, प्रकाश नावाचे. परळ, तुमची कसोटी यांच्यासाठीच केलीय असं वाटेल. यंत्राबद्दल बोलताना तो माणूस उजळून निघतो.

आणि आनंद पटवर्धनांची ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११). तीन तासांहून मोठी. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत आत्महत्या केली. पटवर्धन त्यांना ओळखत होते, त्यांचं गाणं त्यांनी आधीच्या फिल्ममध्ये वापरलं होतं. पुढची चौदा वर्षं ते या प्रश्नामागे गेले. एका शाहिराची गोष्ट म्हणून सुरू होते आणि पुढे कितीतरी शाहीर, आया, पोरं, कबीर कला मंच, सगळे येतात. ज्याचं चित्र काढायचं तो पहिल्या काही मिनिटांतच आपल्यातून गेलेला आहे आणि तरी शेवटपर्यंत तोच गात राहतो. गाणी ऐकण्यासाठी तरी बघा.

अनुस्वार

सगळं वाचलं. खाडी, तुमच्या यादीने मला एक जुना प्रश्न परत पडला. ज्याच्यावर फिल्म होते त्याचा त्यात हक्क किती?

‘फाइंडिंग व्हिव्हियन मायर’ (२०१३) बघताना हा प्रश्न सतत मनात होता. शिकागोत मुलं सांभाळणारी एक बाई आयुष्यभर रस्त्यावर फोटो काढत राहिली. एक लाखाहून जास्त निगेटिव्हज, आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. २००७मध्ये एका तरुणाने लिलावात एक खोका घेतला आणि हे बाहेर आलं. बाई २००९मध्ये गेल्या. फोटो थोर आहेत, यात वाद नाही. पण ज्या बाईने खोलीला कुलूप लावायची अट घालून नोकऱ्या धरल्या, तिच्या खोलीत आपण शिरतो. फिल्म हा प्रश्न विचारते आणि लगेच पुढे जाते. माझं मन तिथेच राहिलं.

याच्या उलट वर्नर हर्झोगने ‘ग्रिझ्ली मॅन’मध्ये (२००५) केलं. अलास्कात अस्वलांमध्ये राहणारा टिमथी ट्रेडवेल २००३मध्ये मैत्रिणीसह अस्वलाच्या हल्ल्यात गेला. त्या वेळचा आवाज कॅमेऱ्यात राहिला होता. हर्झोग तो हेडफोन लावून ऐकतो. आपल्याला त्याची पाठ दिसते आणि टेप जिच्याकडे आहे त्या बाईंचा चेहरा. आपल्याला एक शब्दही ऐकवला जात नाही. तो तिला सांगतो की हे कधीही ऐकू नकोस. आजकालच्या गुन्हेगारीवरच्या मालिका बघताना मला हा प्रसंग दर वेळी आठवतो.

‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ (२०१२) सगळ्यांना आवडते, मलाही आवडली. डेट्रॉइटचा रॉड्रिगेझ, १९७० आणि १९७१मध्ये दोन रेकॉर्ड काढतो, कुणी विचारत नाही, तो बांधकामावर मजुरी करत राहतो. तिकडे दक्षिण आफ्रिकेत तो घराघरांत पोचलेला, आणि लोक त्याला मेलेला समजतात. गोष्ट खरी आहे. पण मधल्या काळात ऑस्ट्रेलियातही तो लोकप्रिय होता, १९७९ आणि १९८१मध्ये तिथे दौरे करून आला होता. फिल्म हे सांगतच नाही. सांगितलं असतं तर गोष्ट जरा कमी चमत्कारिक झाली असती, एवढंच. मला ते सांगितलेलं आवडलं असतं. रॉड्रिगेझचा शांतपणा एवढा अस्सल आहे की त्याला या मदतीची गरज नव्हती.

चार वाजताचा शो

अनुस्वार, ऑस्ट्रेलियाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मी मात्र दिग्दर्शकाच्या बाजूने थोडं बोलेन. ती फिल्म दक्षिण आफ्रिकेतल्या चाहत्यांच्या शोधाची आहे, आणि त्यांना ऑस्ट्रेलियाचं काही माहीत नव्हतं. त्यांच्या नजरेतून बघायचं ठरवलं तर ती वगळणूक बसते.

अनुस्वार

बसते, पण एका ओळीची पाटी टाकायला काय हरकत होती? माहितीपट म्हटल्यावर मी काहीतरी विश्वासाने बसते. इथे माझं मत बदलणार नाही.

पेडर रोडचे काका

वय झालंय, म्हणून जुनं सांगतो. आमच्या तरुणपणी थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट किंवा वृत्तचित्र दाखवणं बंधनकारक होतं. बरेच लोक तेवढ्या वेळात वडा खाऊन घेत. मी बसून राहायचो. धरणं आणि उद्घाटनं पुष्कळ असायची, पण मधूनच असं काही यायचं की मूळ सिनेमा विसरायला व्हायचा.

‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ (१९६७), सारंग यांनी सांगितलेल्या त्याच शास्त्रींची. १९४७च्या ऑगस्टमध्ये देशाबरोबर जन्मलेल्या पोरांना वीस वर्षांची झाल्यावर गाठून विचारलं: देशाबद्दल काय वाटतं, तुला काय हवंय? कुणी इंग्रजीत झोकात बोलतो, कुणी शेतात उभा राहून दोन शब्दांत आटपतो. सरकारी पैशाने केलेली फिल्म आणि पोरं सरकारवर बिनधास्त बोलताहेत. मी त्यांच्याच आगेमागे वयाचा, म्हणून ती मला अजून हलवते.

प्रमोद पतींची ‘आबिद’ (१९७२) तर आजच्या मुलांनाही नवीन वाटेल. आपल्या मुंबईचे चित्रकार-व्यंगचित्रकार आबिद सुरती, ‘ढब्बूजी’वाले. रिकाम्या खोलीत ते स्वतःच रंगांत बुडत जातात. माणसाला एकेक चौकट हलवून केलेलं अ‍ॅनिमेशन आहे ते. परळ, काम करताना दिसणं याहून वेगळं काय असतं? निवेदन नाही, जन्मगाव नाही, पुरस्कार नाहीत.

विठ्ठलभाई झवेरींची ‘महात्मा’ (१९६८) पाच तासांहून मोठी आहे. ती एका बैठकीत कुणी बघू नये, पण गांधीजींचं जगभरातून गोळा केलेलं चित्रण एका जागी बघायचं तर तिच्याशिवाय इलाज नाही.

लोकल नऊ-बावन्न

आठवी-नववीच्या मुलांबरोबर बघता येईल असं काही? आमच्या सोसायटीत सुट्टीत दाखवायचंय.

परळ टर्मिनस

‘द एलिफंट व्हिस्परर्स’ (२०२२) बघाच. कार्तिकी गोन्साल्विस यांची, चाळीस मिनिटांच्या आसपास, ऑस्कर मिळालेली. बोम्मन आणि बेल्ली या जोडप्याने वाढवलेली हत्तीची पिल्लं. नेटफ्लिक्सवर आहे. थोड्या मोठ्या मुलांना ‘जिरो ड्रीम्स ऑफ सुशी’ (२०११): टोकियोत भुयारी रेल्वेच्या स्टेशनातलं दहा खुर्च्यांचं दुकान, पंचाऐंशी वर्षांचा आचारी. त्याच्या हाताखालचा शिकाऊ अंड्याचा एक पदार्थ दोनशेहून जास्त वेळा करतो, तेव्हा कुठे तो पास होतो. मुलं यावर खूप बोलतात. आणि दुर्घटना चालणार असतील तर ‘सेना’.

जुळाऱ्याची लेक

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस फक्त वाचत होते. माझे बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे. ऑफसेट आल्यावर छापखाना बंद झाला. आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण डोळे मिटूनही केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या कप्प्यांच्या पेटीत, कुठलं अक्षर कुठे ते बोटांनी दाखवतात. हा धागा वाचून वाटलं, त्यांचं काहीतरी चित्रण करून ठेवावं. मोबाइल आहे, बाकी काही येत नाही. समोर बसवून विचारलं तर ‘काय सांगायचं त्यात’ म्हणतात आणि गप्प होतात. कुठून सुरुवात करू?

खाडीपलीकडे

ताई, जरूर करा, आणि लगेच करा. मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणून आवाजाचं आधी सांगतो. चित्र हललं तर चालतं, बोलणं ऐकू आलं नाही तर सगळं वाया जातं. कॉलरला लावायचा साधा माइक घ्या. पंखा बंद करा, फ्रिजचा आवाज येत नाही अशा खोलीत बसा, रस्त्याकडची खिडकी लावून घ्या. आणि बोलणं संपल्यावर त्याच खोलीतली मिनिटभर शांतता वेगळी रेकॉर्ड करून ठेवा, पुढे जोडकामाला लागते.

परळ टर्मिनस

आणि समोर बसवून ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ असं विचारू नका. कुणीच सांगू शकत नाही. जुन्या बाजारात किंवा ओळखीच्या छापखान्यात खिळे, एखादी स्टिक (खिळे ओळीत लावायची पट्टी), जमलं तर केस मिळते का बघा. ती त्यांच्या हातात द्या आणि त्यांचं स्वतःचं नाव जुळवायला सांगा. हात चालायला लागले की बोलणं आपोआप येईल. मधे तोडू नका. ते थांबले तरी कॅमेरा थांबवू नका, पुष्कळदा त्यानंतरचंच वाक्य हवं असतं. चेहऱ्याइतकीच हातांवर नजर ठेवा. प्रश्न विचारायचेच तर नेमके विचारा: कुठल्या लेखकाचं अक्षर लागत नसे, दिवाळी अंकांच्या वेळी रात्रपाळी कशी चाले, जोडाक्षरांचे खिळे कमी पडले तर काय करायचे.

पटवर्धनांनी आपल्या आईवडिलांवर केलेली ‘वसुधैव कुटुंबकम्’ (२०२३) मिळाली तर आधी बघा. आईवडील म्हातारे होत असताना घरातच घेतलेलं चित्रण आहे. स्वातंत्र्यलढ्यातले काका, मातीकाम करणारी आई, सगळं जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांतून येतं. मुलगा कॅमेऱ्यामागून विचारतो, आईबाप त्याला मुलासारखंच उत्तर देतात. तुम्हाला नेमकं हेच हवंय.

अनुस्वार

वर मी हक्काचं बोलले, म्हणून एक भर घालते. बाबांना विचारून ठेवा, हे कुणाला दाखवलेलं त्यांना चालेल. घरातल्यांना, नातेवाइकांना, की सगळ्यांना. आणि जोडून झालं की पहिल्यांदा त्यांनाच दाखवा.

शुद्ध सारंग

राय यांच्या ‘बाला’चं (१९७६) उदाहरण देतो. बालसरस्वतींचा नाच राय यांनी १९३५मध्ये लहानपणी पाहिला होता. फिल्म झाली तेव्हा बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्यात पदर उडतोय आणि त्या ‘कृष्णा नी बेगने बारो’ करताहेत. ते अप्रतिमच आहे, पण भर तारुण्यातला नाच कुणी टिपला नाही तो नाहीच. उशीर करू नका ताई.

लोकल नऊ-बावन्न

हे सगळं मुंबईत बघायला कुठे मिळतं? सगळंच मोबाइलवर बघवत नाही.

पेडर रोडचे काका

फिल्म्स डिव्हिजन आता एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं, पण पेडर रोडचं आवार तिथेच आहे. दर दोन वर्षांनी होणारा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, मिफ, १९९०पासून चालू आहे आणि तो खास माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा आहे. त्याची तारीख लक्षात ठेवा. त्याच आवारात गुलशन महाल या जुन्या बंगल्यात आणि शेजारच्या नव्या इमारतीत भारतीय चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जा. प्रभात चित्र मंडळ १९६८पासून चित्रपट दाखवतंय, सभासद व्हा. डिव्हिजनच्या जुन्या फिल्म्सपैकी पुष्कळ यूट्यूबवर आहेत. ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ आणि ‘आबिद’ तिथे बघता येतील.

जुळाऱ्याची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. माइक मागवलाय. मावसभावाच्या ओळखीने भायखळ्याच्या एका जुन्या छापखान्यात केस आणि थोडे खिळे आहेत असं कळलंय. मालक रविवारी या म्हणाले. बाबांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, ‘किती पॉइंटाचे आहेत?’

परळ टर्मिनस

तो प्रश्न रेकॉर्ड झाला नसेल तर रविवारी परत विचारायला लावा. झाल्यावर इथे कळवा.

काका, ‘सेल्युलॉइड मॅन’ मोठ्या पडद्यावर कुठे लागणार असेल तर नक्की लिहा.